नखाएवढ्या सवयीचं नवल

मॉन्ट्रियलमधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी ४८ माणसांना चार वेगवेगळ्या प्रसंगांतून नेलं. एका प्रसंगी विमान कोसळतानाची चित्रफीत दाखवली. एका प्रसंगी समुद्राच्या संथ लाटा दाखवल्या. एका प्रसंगी काम दिलं आणि सांगितलं, की हे सोपं आहे, पटकन होईल. प्रत्यक्षात ते चांगलंच अवघड होतं. आणि एका प्रसंगी काहीच दिलं नाही. रिकाम्या खोलीत सहा मिनिटं एकट्यानं बसायचं, बस.

या ४८ जणांपैकी निम्म्यांना नखं कुरतडण्याची, केस उपटण्याची किंवा कातडी सोलण्याची सवय होती, निम्म्यांना नव्हती. कोणत्या प्रसंगी हात शिवशिवले, हे संशोधकांना पाहायचं होतं. आपल्यापैकी बहुतेकांचं बोट विमानाच्या चित्रफितीकडे जाईल. घाबरलेलं माणूस नखं खातं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. व्यंगचित्रांत, सिनेमांत, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात पाहत आलोय. ताणाचा परिणाम दिसला, हे खरंच. लाटा पाहताना जितकी ओढ वाटली, त्याहून ताणात जास्त वाटली. पण सवय असलेली माणसं आणि सवय नसलेली माणसं यांच्यातला फरक जिथे उठून दिसला, ते प्रसंग दुसरेच होते: अडलेलं काम आणि रिकामी खोली. वैताग आणि कंटाळा.

हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागच्या गटातले किरॉन ओ'कॉनर यांनी अशा सवयींवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. त्यांचं म्हणणं मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटतं. ही माणसं एका विशिष्ट अर्थानं परफेक्शनिस्ट असतात, असं त्यांनी मांडलं होतं. त्यांना निवांत बसता येत नाही. काम साध्या, सर्वसाधारण गतीनं करणं त्यांना जड जातं. ठरवलेलं गाठता आलं नाही की ती चिडतात, अधीर होतात, आणि इतरांपेक्षा लवकर कंटाळतात. आत इंजिन चालू आहे, गाडी मात्र सिग्नलला अडकलेली. मग ती ऊर्जा कुठेतरी जाते. बोटांकडे जाते.

आता हे चित्र घेऊन एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बघा. दहावी-बारावीची, जेईई-नीटची, एमपीएससीची मुलं तासन्‌तास एका जागी बसलेली असतात. समोर एक गणित, जे कालपर्यंत येत होतं आणि आज अडलंय. किंवा तेच प्रकरण चौथ्यांदा वाचायचंय, ज्यात आता नवं काही उरलेलं नाही. म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रयोगातले दोन प्रसंग, अडलेलं काम आणि रिकामी खोली, इथे एकाच खुर्चीत एकत्र आलेले असतात. मुलगा पेपरला घाबरलाय म्हणून नखं खातोय, असं आपण म्हणतो. तो कदाचित अजिबात घाबरलेला नसेल. त्याला पुढे जायचंय आणि जाता येत नाहीये, एवढंच असेल.

विद्यार्थ्यांवरच झालेला आणखी एक प्रयोग आहे, २००७ सालचा. विल्यम्स, रोझ आणि चिझम या संशोधकांनी नखं खाणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या परिस्थितींत बसवून त्यांचे हात काय करतात ते पाहिलं. एकट्यानं नुसतं बसवलं तेव्हा आणि अवघड गणितं सोडवायला दिली तेव्हा बोटं सर्वांत जास्त तोंडाकडे गेली. कुणाशी बोलणं चालू असताना किंवा नखं खाण्यावरून टोकलं जात असताना ती जवळजवळ गेलीच नाहीत. या दुसऱ्या निष्कर्षापाशी प्रत्येक आईवडिलांनी थांबायला हवं. तुम्ही ओरडलात की हात खाली येतो, म्हणून ओरडणं लागू पडतं असं वाटतं. खरं तर तुम्ही जवळ जाऊन काहीही बोलला असतात, प्रेमानं चौकशी केली असतीत, तरी हात खाली आलाच असता. आणि तुम्ही खोलीबाहेर पडलात की मूल पुन्हा त्याच एकटेपणात, त्याच गणितासमोर उरतं.

ही सवय किती जणांना असते? आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. पोलंडमध्ये ३३९ तरुणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ४६.९ टक्के जणांनी आयुष्यात कधी ना कधी नखं कुरतडली होती; १९.२ टक्के जण पाहणीच्या वेळीही कुरतडत होते, बाकीच्यांची सवय सुटली होती. तीन-चार वर्षांच्या आधी ही सवय क्वचितच दिसते, शाळेच्या वयात वाढते, पौगंडावस्थेत कळस गाठते आणि मग बहुतेकांच्या बाबतीत ओसरते. शास्त्रज्ञांचं कुतूहलही जुनं आहे. ज्यांच्या नावाच्या बुद्धिमापन चाचण्या आजही जगभर वापरल्या जातात, त्या डेव्हिड वेक्सलर यांनी १९३१ साली मुलांच्या नखं खाण्यावर शोधनिबंध लिहिला होता. १९४८ साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या याच सवयीवर स्वतंत्र अभ्यास झाला.

त्या काळात फ्रॉइडच्या विचारांची छाया सगळ्यावर होती. नखं खाणारा माणूस बालपणीच्या 'तोंडाच्या' अवस्थेत अडकलाय, आईच्या दुधाशी, अंगठा चोखण्याशी त्याचा संबंध आहे, अशी मांडणी केली जाई. पुढे दुसरी लाट आली: नखं खाणं म्हणजे चिंता. पण १९७४ साली चिंतेची मोजणी करून तिची नखं खाण्याशी सांगड घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा अपेक्षित नातं सापडलं नाही. पोलंडच्या पाहणीतही नखं खाणाऱ्यांपैकी चिंताविकाराच्या निकषांत बसणारे २२.५ टक्केच निघाले. म्हणजे चारांतल्या तिघांहून अधिक जणांना असा काही विकार नव्हता.

इथे एका सापळ्याबद्दल बोलायला हवं, कारण 'नखं खाणाऱ्यांचा स्वभाव असा असतो' हे वाक्य फार सहज पसरतं. इराणमधल्या शिराझ शहरात २००८ साली झालेल्या एका अभ्यासात नखं खाणाऱ्या मुलांपैकी ७४.६ टक्के मुलांना एडीएचडी, म्हणजे अवधान टिकण्यातली अडचण आणि अतिचंचलता, असल्याचं आढळलं. आकडा वाचून कुणीही आई घाबरेल. पण ही सगळी मुलं मानसोपचार विभागात उपचारांसाठी आणलेली होती. दवाखान्यात मोजलं तर आजार जास्त सापडणारच. वर्गात बसलेल्या, हसत्याखेळत्या, मधूनच बोट तोंडात घालणाऱ्या मुलांबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. स्वभाव आणि सवय यांचं नातं आहे, ते मी नाकारत नाही. अधीरता, काटेकोरपणा, चटकन वैतागणं यांच्याशी ते पुन्हापुन्हा जुळलेलं दिसतं. पण नखांवरून माणूस वाचता येत नाही. शांत, समाधानी माणसंही नखं खातात आणि अत्यंत अस्वस्थ माणसांची नखं सुरेख असतात.

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चाळा करायला शरीरात इतक्या जागा असताना बोट आणि तोंड यांचीच जोडी का जमावी?

याचा एक धागा पुन्हा मॉन्ट्रियललाच घेऊन जातो. तिथले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना रुग्णांना जागं ठेवत आणि उघड्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य स्पर्श देऊन विचारत, आता कुठे काय जाणवलं? असं करत करत त्यांनी शरीराचा मेंदूतला नकाशा काढला. १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. त्या नकाशात पाठ, पोट, मांड्या यांच्या वाट्याला अगदी थोडी जागा येते, आणि हाताची बोटं, ओठ, जीभ यांना प्रचंड. त्या प्रमाणात माणूस काढला तर त्याचे हात सुपाएवढे आणि ओठ तसेच अवाढव्य होतात. शिवाय मेंदूत अंगठ्याची जागा चेहऱ्याच्या जागेला जवळजवळ लागून आहे. नखं खाताना आपण शरीरातले दोन सर्वांत संवेदनशील भाग एकमेकांना भिडवतो. ओठाला बोट जाणवतं, बोटाला ओठ जाणवतो, नखाची खरबरीत कड जिभेला सापडते. कंटाळलेल्या मेंदूला एवढी दाट संवेदना दुसरीकडे कुठे इतक्या फुकट मिळणार? जन्माआधी, आईच्या पोटात असतानाही बाळ अंगठा तोंडात घालतं. वाट तेव्हापासूनची मळलेली आहे.

दुसरा धागा सवय नावाच्या गोष्टीचा. नखं खाणाऱ्याला विचारा, कधी सुरू केलंस? तो म्हणेल, लक्षातच आलं नाही. हे खोटं नसतं. पोलंडच्या पाहणीत जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, की आपण नखं नकळत, आपोआप खातो. हे 'आपोआप' मेंदूत कसं दिसतं, ते एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या बोळात उंदीर सोडायचे, एका टोकाला खाऊ ठेवायचा. उंदीर नवखा असताना मेंदूच्या खोलवरच्या स्ट्रायाटम नावाच्या भागातल्या पेशी सगळ्या वाटेवर सळसळत असत. वाट अंगवळणी पडली, तसा मधला गलबला विरत गेला. पेशी फक्त दोनदा जोरात उठायच्या: वाट सुरू होताना आणि संपताना. मधला सगळा प्रवास मेंदूनं एकच गाठोडं करून बांधून टाकला होता.

नखं खाणाऱ्याच्या बोटाचंही असंच काही होत असणार, असं मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं. गणित अडलं, ही सुरुवात. नखाचा तुकडा तुटला, हा शेवट. मधे काय झालं, याची खबर विद्यार्थ्याला नसते. मग त्याला 'का खातोस?' असं विचारून उत्तर कसं मिळणार?

तिसरा धागा सर्वांत चकित करणारा आहे. नोबेल पारितोषिक मिळालेले मारिओ कापेची यांच्या युटा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत हॉक्सबी८ नावाचं एक जनुक निकामी केलेले उंदीर होते. हे उंदीर स्वतःचं अंग इतकं चाटत, की केस जाऊन टक्कल पडे, कातडीवर जखमा होत. ते सोबतच्या उंदरांचेही केस ओरबाडत. हा शोध २००२ सालचा. मेंदूत काहीतरी बिघडलंय, हे उघड होतं; पण या जनुकाशी नातं असलेल्या ज्या पेशी मेंदूत सापडल्या, त्या चेतापेशी नव्हत्याच. त्या होत्या मायक्रोग्लिया, मेंदूतल्या राखणदार पेशी, आणि त्यांचं मूळ रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेत असल्याचं तेव्हा मानलं गेलं. मग संशोधकांनी धडधाकट उंदरांची अस्थिमज्जा या उंदरांना दिली. काही महिन्यांत कित्येक उंदरांचं ओरबाडणं कमी झालं, काहींचं थांबलं, केस परत आले. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. नखं खाणाऱ्या मुलाला असा कुठलाही आजार आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण अंग साफसूफ ठेवण्याची जी प्राचीन ओढ प्राण्यांत असते, तिला ताब्यात ठेवण्याचं काम इतक्या खोल, इतक्या अनपेक्षित जागी चालतं, हे कळल्यावर 'जरा मनावर ताबा ठेव' हे वाक्य किती तोकडं आहे ते लक्षात येतं. पिंजऱ्यातले पोपट पिसं उपटतात, बांधून ठेवलेली कुत्री पाय चाटून चाटून जखमा करून घेतात. आपण या बाबतीत एकटे नाही. आनुवंशिकतेचाही वाटा आहे: जुळ्या मुलांच्या अभ्यासांत एकाला सवय असली तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकसारख्या जुळ्यांत साध्या जुळ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं.

मानसोपचाराच्या वर्गीकरणातही ही सवय आता वेगळ्या घरात गेली आहे. अमेरिकेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या ग्रंथात केस उपटणं आणि कातडी खरवडणं यांना स्वतंत्र नोंदी आहेत, आणि नखं खाणं त्यांच्याच शेजारी, शरीराशी चाळा करत राहण्याच्या वर्तनांत, ठेवलेलं आहे. तेही केव्हा, तर माणसाला ते थांबवायचंय, थांबवता येत नाहीये आणि त्याचा खरोखर त्रास होतोय, तेव्हाच. साधी सवय हा विकार नव्हे.

तोट्यांबद्दल थोडक्यात. दातांच्या कडा झिजतात, हिरड्यांना इजा होते, नखाच्या कडेला नखुरडं होतं. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात नखं खाणाऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या लाळेत आतड्यांत राहणाऱ्या जातीचे जंतू सापडले. नखं न खाणाऱ्यांत हे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाएवढं होतं. पण याच जंतूंची एक दुसरी बाजूही निघाली. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास त्यांच्या बालपणापासून आजतागायत चालू आहे. लहानपणी अंगठाही न चोखणारी आणि नखंही न खाणारी जी मुलं होती, त्यांच्यापैकी ४९ टक्के मुलांच्या त्वचाचाचणीत तेराव्या वर्षी कुठल्या ना कुठल्या गोष्टीची ॲलर्जी दिसली. दोन्ही सवयी असलेल्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. बत्तिसाव्या वर्षीही फरक टिकून होता. दमा आणि परागज्वर यांत मात्र काही फरक पडला नाही. ही सवय लावून घ्या, असं संशोधकांनी अर्थातच म्हटलं नाही.

मग सोडवायची कशी? आपल्याकडे घरोघरी बोटांना कडुलिंबाचा पाला चोळतात, कोरफडीचा गर लावतात. औषधाच्या दुकानात कडू नेलपॉलिश मिळतं; अशा उत्पादनांत डेनाटोनियम नावाचा पदार्थ असतो, जगातला सर्वांत कडू मानला जाणारा. १९५८ साली स्कॉटलंडमध्ये भूल देणाऱ्या औषधांवर काम चालू असताना तो अचानक हाती लागला. कडूपणाचा उपयोग होतो, पण तो गाठोड्याच्या शेवटच्या टोकाला हात घालतो. बोट तोंडात गेल्यावर शिक्षा. तोवर बाकीची सगळी वाट पार पडलेली असते.

१९७३ साली नेथन ॲझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी सुरुवातीचं टोक पकडलं. त्यांच्या पद्धतीत माणूस आधी स्वतःकडे बघायला शिकतो: हात कधी उठतो, त्याआधी काय चालू होतं, कोणतं बोट आधी जातं. आणि मग हात उठायला लागला, की त्याच हातानं दुसरं काही करायचं, जे करताना नखं खाता येणारच नाहीत. मूठ आवळून धरायची, किंवा पेन, पुस्तक घट्ट पकडायचं, मिनिट-दोन मिनिटं, ओढ ओसरेपर्यंत. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी हाच उपचाराचा पाया आहे. हॅम्बुर्गचे स्टेफेन मॉरिट्झ यांनी त्याला आणखी हळुवार रूप दिलं. त्यांच्या एका तंत्रात हाताला तोंडाच्या दिशेनं जाऊ द्यायचं आणि शेवटच्या क्षणी झटकन कानाच्या पाळीकडे वळवायचं. म्हणजे गाठोड्याचं तोंड तेच, शेवट नवा. २०२३ साली त्यांच्या गटानं २६८ जणांवर आणखी सोपी गोष्ट करून पाहिली: ओढ आली की बोटांची टोकं एकमेकांवर किंवा तळहातावर अलगद फिरवायची. सहा आठवड्यांनंतर ५३ टक्के जणांना थोडाफार तरी फरक जाणवला. काही न शिकवलेल्या गटात २० टक्के जणांना. सर्वांत जास्त लाभ झाला तो नखं खाणाऱ्यांनाच. बोटांना संवेदना हवी होती, ती दातांवाचून मिळाली.

म्हणून घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्या माणसांना माझी विनंती आहे. मुलाला 'का खातोस?' विचारू नका, त्याला ते ठाऊक नाही. 'कधी' हे दोघांनी मिळून शोधा. चार-पाच दिवस एका कागदावर नुसतं टिपून ठेवा: कोणता विषय चालू होता, काय अडलं होतं, किती वेळ तो एकटा बसला होता. मग त्या वेळेत बदल करा. गणित अडलं तर दहा मिनिटं बाजूला ठेवू द्या, मधे उठून एक चक्कर मारू द्या, शेजारी बसून दोन शब्द बोला. रक्त येईपर्यंत नखं जात असतील, हात लपवायची वेळ येत असेल, किंवा सोबत केस उपटणंही असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला संकोच करू नका. बाकी घाई नको. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि पुरतं खाल्लेलं नखही चार ते सहा महिन्यांत मुळापासून टोकापर्यंत नवं येतं.